पावसात चढतो, थंडीत उतरतो: कोकणातल्या नव्या पियानोचा सूर कसा टिकवायचा

दोन-तीन वर्षांचा अपराइट (उभा) पियानो. जुळवून महिना होत नाही तोवर मधली सप्तकं कानाला टोचायला लागतात. ट्यूनरला फोन जातो, तो मुंबईहून किंवा गोव्याहून येतो, दोन तास पाना फिरवतो, आणि गणपती जाऊन घट बसायच्या आत पुन्हा तेच. मग घरात दोन निष्कर्ष निघतात: पियानोतच खोट आहे, किंवा ट्यूनरला काम येत नाही. दोन्ही खरे असू शकतात. पण वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पहिला संशय हवेचा घ्यावा, आणि तो बरोबर आहे का हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: सूर चढलाय की उतरलाय?

सैल खुंटी, अजून ताणली जाणारी नवी तार, खुंटीवर नीट न बसलेला वेढा, या सगळ्या दोषांनी सूर फक्त उतरतो. सैल झालेली खुंटी आपणहून आवळली जात नाही. त्यामुळे जुलैत तुमचा ४४० हर्ट्झचा 'ए' (पियानो ज्यावरून जुळवतात तो मधला स्वर) ४४२ किंवा ४४३ दाखवत असेल तर खुंट्यांवर खापर फोडू नका. तिथे लाकूड फुगलेलं आहे. उतरलेल्या सुराला मात्र कारणं बरीच असतात, आणि त्यांची छाननी करावी लागते.

लाकूड तारा कसं ताणतं

पियानोत ८८ स्वर आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. अगदी खालच्या स्वरांना तांबं गुंडाळलेली एकेक तार, त्यावर दोन-दोन, आणि मधल्या व वरच्या स्वरांना साध्या पोलादी तारा तीन-तीन. एकेका तारेवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण, सगळ्या मिळून १६ ते २० टन. हा भार बिडाची प्लेट पेलते, आणि ती हवेने हलत नाही. हलतो तो साउंडबोर्ड. स्प्रूस लाकडाची ही फळी जेमतेम ८-९ मिलिमीटर जाड असते आणि तारांच्या दिशेला किंचित फुगीर घडवलेली असते. तिच्यावर घोडी, घोडीवरून तारा. तानपुऱ्याची घोडी डोळ्यांसमोर आणलीत तर चित्र लगेच कळेल.

५० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात साधारण ९ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांत ते १६ च्या घरात जातं. स्प्रूस तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतं, पण फळी कडेने पक्की चिकटवलेली असल्याने तिला पसरायला जागा नाही. म्हणून ती पोटात आणखी फुगते, घोडी पुढे रेटते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की याच्या उलट.

हा बदल सगळीकडे सारखा होत नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. सगळा पियानो एकसारखा १० सेंट चढला असता तर एकट्याने वाजवणाऱ्याला पत्ताही लागला नसता. पण फळीच्या कडेजवळचे अगदी वरचे आणि अगदी खालचे स्वर कमी हलतात, मधली दोन-अडीच सप्तकं जास्त. त्यातही तांब्याच्या तारा संपून साध्या पोलादी तारा जिथे सुरू होतात, तिथले चार-सहा स्वर सर्वांत जास्त भरकटतात. डाव्या हाताचा स्वर जागच्या जागी आणि उजव्या हाताचा वर गेलेला, म्हणून सप्तकं टोचतात. (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ४४० हर्ट्झच्या आसपास ४ सेंट म्हणजे सुमारे १ हर्ट्झ.)

हे एका रात्रीत घडत नाही. लाकूड हळू पाणी पितं. एखाद्या ओल्या संध्याकाळीने काही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे सलग हवा बदललेली असली की सूर सरकतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तरी बेसूरपणा कानाला जाणवतो तो महिनाअखेरीला. तासाभरात सूर उतरला तर कारण दुसरं: खिडकीतलं ऊन थेट पियानोवर पडतंय. पोलाद तापलं की लगेच लांबतं आणि स्वर उतरतो. पडदा ओढला की काम झालं.

ट्यूनरला फोन करण्याआधी मोजून ठेवा

दोन वस्तू लागतात: चार-पाचशे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि फोनवरचं सेंट दाखवणारं ट्यूनर अ‍ॅप.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो, तेव्हा आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्के असते. यंत्र ८० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यातून ५ वजा करायचे. मग यंत्र पियानोच्या मागे, साउंडबोर्डच्या उंचीवर टांगा. टीपॉयवर ठेवलेलं यंत्र टीपॉयची हवा सांगतं.

आता स्वर. वरचं झाकण उघडा, पुढची वरची फळी काढा (बहुतेक अपराइटमध्ये आत डाव्या-उजव्या बाजूला एकेक कडी किंवा फिरकी असते). ११०, २२०, ४४०, ८८० आणि १७६० हर्ट्झचे 'ए', आणि शिवाय तांब्याच्या तारा संपल्यावरचा पहिला स्वर, असे सहा स्वर मोजायचे. तीनपैकी दोन तारा रबराच्या पाचरीने किंवा फेल्टच्या पट्टीने दाबून एकच तार वाजू द्या. तिन्ही वाजत असल्या तर अ‍ॅपचा काटा नाचत राहतो. प्रत्येक वेळी तीच तार, समजा डावीकडची. मध्यम जोराने वाजवा आणि पहिला ठोका विरल्यावरचा आकडा लिहा.

इथे एक गफलत नेहमी होते. अ‍ॅप शून्य दाखवत नाही म्हणजे पियानो बिघडलेला असं नव्हे. जाड, ताठ तारांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) गणितातल्यापेक्षा थोडे वर असतात, म्हणून चांगला ट्यूनर वरची सप्तकं मुद्दाम थोडी चढी आणि खालची थोडी उतरती ठेवतो. १७६० चा 'ए' ६-७ सेंट वर दिसला तर तो तसाच असायला हवा. तुमची तुलना शून्याशी नको, ट्यूनर गेला त्या दिवशीच्या आकड्यांशी हवी. म्हणून पहिली नोंद त्याच संध्याकाळी करा, मग दर पंधरवड्याला: तारीख, आर्द्रता, सहा आकडे. शाळेच्या वहीचं एक पान वर्षभर पुरतं.

सहा-आठ नोंदी झाल्या की वही बोलू लागते. आर्द्रता वाढली तसे मधले आकडे वर गेले, ती घटली तसे खाली आले, दोन्ही टोकं फारशी हलली नाहीत: हवा. आर्द्रता स्थिर असूनही सगळेच आकडे हळूहळू उतरताहेत आणि प्रत्येक ट्यूनिंगनंतर उतरण्याचा वेग कमी होतोय: नव्या तारांचं ताणणं, जे दोन वर्षांत आपोआप थांबतं. बाकी सगळं जागेवर आणि एखादी सुटी तारच आठवडाभरात १०-१५ सेंट खाली: ती खुंटी किंवा त्या तारेचा वेढा. आणि सहाही आकडे जागेवर, तरी एकेका स्वरात 'वांव-वांव' अशी लहर ऐकू येते: तिघींपैकी एखादी तार सरकली आहे. तिन्ही तारा एकेक करून मोजा. एकटी वाजवलेली तारच लहरत असेल, तर घोडीवरची तिची पिन हललेली आहे. ती लहर कुठल्याही ट्यूनिंगने जाणार नाही, ट्यूनरला दोष देऊ नका.

नव्या पियानोची पहिली दोन वर्षं

नवी पोलादी तार ताणाखाली काही काळ लांबत राहते. शिवाय खुंटीभोवतीचे तीन वेढे, दाबपट्टीखालचं (खुंट्यांजवळ तारा दाबून धरणाऱ्या धातूच्या पट्टीखालचं) वळण, घोडीवरच्या पिनांपाशी पडणारा बाक, मागच्या हुकाचा फास, प्रत्येक वळणावर तार थोडी-थोडी बसत जाते. म्हणून पहिल्या वर्षात चार वेळा ट्यूनिंग हा खर्च पियानोच्या किमतीतच धरायचा असतो. एकदाच केलं आणि वर्षभर सोडून दिलं, तर सूर ३०-४० सेंट उतरतो, आणि मग नुसती जुळवणी पुरत नाही, आधी सूर उचलावा लागतो.

उचलण्याची गंमत अशी की एक भाग ओढला की फळीवरचा दाब वाढतो आणि आधी लावलेला भाग खाली येतो. जाणता ट्यूनर म्हणून पहिल्या फेरीत जितकं कमी आहे त्याच्या साधारण चौथाई जास्त ओढतो, म्हणजे २० सेंट उतरलेली तार शून्याच्या ५ वर नेतो, आणि दुसऱ्या फेरीत बारीक जुळवतो. ४० सेंट उतरलेल्या पियानोवर एकाच फेरीत काम उरकणारा माणूस गाडीत बसेपर्यंत पियानो उतरायला लागलेला असतो. अशा उचलीनंतर महिना-दीड महिन्याने आणखी एक ट्यूनिंग धरूनच चाला.

दुकानं बहुधा एक ट्यूनिंग फुकट देतात, आणि माल पोचवला की लगेच ते उरकून टाकायला बघतात. तेव्हा नको म्हणा. मुंबईच्या वातानुकूलित शोरूममधून निघून महामार्गाचे खड्डे खात सावंतवाडीला पोचलेल्या पियानोला इथल्या हवेची ओळख व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधीचं ट्यूनिंग म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. खड्ड्यांनी मात्र सूर फारसा बिघडत नाही. वाट लावते ती पोचल्यानंतरची ओल.

खोली

कोकणातल्या घरात पियानोला सर्वांत वाईट जागा म्हणजे नेमकी जिथे तो शोभून दिसतो ती: ओटीला लागून, पश्चिमेच्या खिडकीखाली. चिऱ्याची भिंत पाणी पिते. पश्चिमेचा पाऊस झोडपत असताना गिलावा असला तरी जुलैत ती आतून थंड आणि ओलसर लागते. अपराइटचा साउंडबोर्ड मागून उघडा असतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पुढून झाकण लावलं, वर भरतकामाचा रुमाल घातला, आणि खरा नाजूक भाग ओल्या भिंतीला पाठ देऊन उभा.

जुन्या घरात माजघर चांगलं, कारण त्याच्या भिंती बाहेरच्या पावसाला तोंड देत नाहीत. पण स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर यांना लागून असलेली भिंत नको. भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवा. जमीन सारवलेली किंवा जुन्या कोब्याची असेल तर खाली जाड मरीन प्लायचा तुकडा आणि चाकांखाली वाट्या. फरशीवर वाट्या पुरतात. मागच्या उघड्या बाजूवर जाड सुती कापडाचा पडदा वरून खालपर्यंत ताणून लावा. हवेतले झटके तो मऊ करतो आणि आत हीटर लावायचा असेल तर ऊबही धरून ठेवतो. प्लास्टिक लावू नका; रात्री त्याला आतून घाम येतो आणि महिन्याभरात बुरशीचा वास.

आणि कपडे. पावसात दोरी घरातच बांधली जाते, त्याला इलाज नाही, पण ती पियानोच्या खोलीत नको. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. दिवसाआड हे होत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

पिशव्या, बल्ब, हीटर, डीह्युमिडिफायर

सिलिका जेलच्या पिशव्या पियानोत ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. हिशेब करून बघा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प. ती ६० टक्क्यांवर आणायची तर जवळजवळ ७ ग्रॅम काढावं लागेल, म्हणजे सगळ्या खोलीतून पाव किलोच्या आसपास पाणी. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी धरतं. तेव्हा पाऊण किलो जेल लागणार, आणि दार एकदा उघडलं की पुन्हा सुरुवात. कौलारू घरात तर हवा वरूनच येत असते. पेटीच्या बंद खोक्यात सिलिका ठीक. पियानोत ती फक्त मनाचं समाधान.

खात्रीचा उपाय म्हणजे कम्प्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर, हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. एवढ्या खोलीला दिवसाला १०-१२ लिटर क्षमतेचा पुरतो, पण दारं-खिडक्या बंद राहतील आणि छताला सीलिंग असेल तरच. ६० टक्क्यांवर लावा. ४५-५० चा हट्ट धरू नका. परदेशी पुस्तकांतला तो आकडा कोरड्या थंडीच्या देशांतला आहे. इथे तो गाठायचा तर यंत्र दिवसरात्र धापा टाकेल, आणि ते कधी दिवसेंदिवस बंद पडलं तर लाकडाला धक्काही मोठा बसेल. वर्षभर ५५ ते ६५ च्या दरम्यान स्थिर राहिलं की पियानो खूश. पाण्याची टाकी रोज ओतायला विसरतोच माणूस, त्यापेक्षा मागच्या नळीला पाइप जोडून मोरीत सोडा. वीज जाण्याची चिंता करू नका: खोली बंद असेल तर चार-सहा तासांत लाकडाला फरक कळत नाही. वीज परत आली की कम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबवून मग सुरू करा, एवढंच.

एसी हा याला पर्याय होतो असं वाटतं, पण तो चोवीस तास चालणार असेल तरच. संध्याकाळी दोन तास एसी, मग बंद, मग खिडक्या उघड्या, ही पियानोची सर्वांत वाईट दिनचर्या. त्यापेक्षा पंखा आणि बंद दार बरं.

खोली बंद ठेवणं शक्य नसेल तर पियानोच्या आत, खालच्या फळीमागे बसवायचा हीटरचा दांडा घ्या. २५ ते ५० वॉटचा हा दांडा हवा कोरडी करत नाही, किंचित तापवतो, आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता आपोआप घटते. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा फक्त ३ अंशांनी तापली की ७२ टक्क्यांवर येते. एवढ्यानेही चढ-उताराचा मोठा हिस्सा कमी होतो. दोन अटी. दांड्यासोबत ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता पाहून दांडा आपोआप चालू-बंद करणारा स्विच) हवाच. नाही तर तो जानेवारीतही तापत राहील आणि तेव्हा लाकूड गरजेपेक्षा जास्त सुकेल. आणि दांडा साउंडबोर्डला चिकटून किंवा पेडलच्या लाकडी दांड्यांना लागून नको. किती अंतर ठेवायचं ते दांड्याच्या कागदावर छापलेलं असतं, ते पाळा. जुन्या घरांत १५ वॉटचा बल्ब आत सोडत असत. तत्त्व तेच, पण उघडा बल्ब, धूळ आणि फेल्ट एकत्र आले की धोका आहे. तो नको.

ट्यूनिंग कधी करावं

ट्यूनर येतो म्हणतो तेव्हा नव्हे, हवा ठरल्यावर. कोकणात वर्षात दोनदा हवा ठरते. एकदा पाऊस लागून सहा आठवडे झाल्यावर, म्हणजे जुलैच्या शेवटी. गणपतीत किंवा लगेच पुढे कार्यक्रम असेल तर हीच वेळ. दुसऱ्यांदा ऑक्टोबरचं ऊन तापून लाकूड सुकल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढे. नाताळाच्या गायनाला पियानो लागणार असेल तर नोव्हेंबरचा शेवट गाठा. जूनचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर, या दोन काळांत केलेलं काम वाया जातं, कारण लाकूड तेव्हा चालत असतं.

पावसाळ्यातल्या ट्यूनिंगला एक शहाणपणाची सवलत द्या. पियानो ४४२ वर चढून बसलेला असेल तर तो ओढून ४४० वर आणायचा आग्रह नको. ट्यूनरला सांगा, ४४१.५ ते ४४२ वरच बाकी सगळं जुळव. कारण ४४० वर उतरवलात तर जानेवारीत तो ४३७-४३८ ला जाईल, मग वर ओढायचा, पुढच्या जुलैत पुन्हा खाली. दर फेरीला सव्वादोनशे तारा आणि खुंट्या विनाकारण मागे-पुढे. एकट्याने वाजवणाऱ्याला दोन हर्ट्झनी काही अडत नाही. पियानोसोबत पेटी वाजणार असेल तर मात्र पंचाईत, कारण पेटीची पितळी पत्ती ओलीने फुगत नाही. तिथे ४४० लागतंच, आणि खोली कोरडी ठेवण्याला पर्याय उरत नाही.

काम चाललेलं असताना पाहण्यासारखं एक आहे. अपराइटवर ट्यूनर पाना साधारण घड्याळातल्या १२ च्या दिशेला धरतो, म्हणजे खुंटी वाकत नाही, फक्त फिरते. तार किंचित वर नेऊन, मग इवलीशी मागे आणून तो खुंटीतला पीळ काढतो, आणि अधूनमधून पट्टी जोरात ठोकतो. त्या ठोक्यांनी दाबपट्टीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. हे न करणाऱ्याचं ट्यूनिंग ऐकायला तेव्हा छान वाटतं आणि आठ दिवसांत सुटतं. तो निघण्याआधी मधल्या सप्तकातला एखादा स्वर दहा वेळा चांगला दणकून वाजवा. लहर आली तर खुंटी बसलेली नाही, तिथल्या तिथे सांगा. भांडायला नको, चांगला ट्यूनर स्वतःच हे करून दाखवतो. पाऊण तासात सगळं आटोपणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नका. सुरात असलेल्या पियानोलाही दीड तास लागतो.

स्वतः पाना घ्यावा का? एखाद्या स्वराची सरकलेली एक तार शेजारच्या दोघींशी मिळवण्यापुरता, जरूर. पण अंदाज असू द्या: ३० सेंटिमीटरच्या पान्याचं टोक एक मिलिमीटर सरकलं तरी मधल्या सप्तकात स्वर तीन-चार सेंट बदलतो, आणि कान दोन सेंटची लहर पकडतो. तारेकडे बघून खात्री करा की पाना त्याच तारेच्या खुंटीवर आहे. शेजारची खुंटी ओढून तार तोडणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

खुंटी खरंच सैल असेल तर

पावसाळ्यात तपासू नका. ओलीने पिनब्लॉक (खुंट्या ज्यात रोवलेल्या असतात तो लाकडी ठोकळा) फुगतो आणि सैल खुंटीही घट्ट लागते. जानेवारी-फेब्रुवारीत पाहा. ओलीत लाकूड फुगून खुंटीभोवतीचे तंतू चेपले जातात, सुकल्यावर ते पूर्ण परत येत नाहीत. असे चार-पाच पावसाळे झाले की नव्या पियानोतही पकड ढिली होते. म्हणजे खुंटी सैल होण्यामागेही पुष्कळदा हवाच असते. ट्यूनरकडे टॉर्क (खुंटी फिरवायला लागणारा जोर) मोजायचा पाना असेल तर नव्या पियानोत १० न्यूटन-मीटर किंवा जास्त यायला हवेत. साडेपाचच्या खाली गेलेली खुंटी सूर धरणार नाही.

सव्वादोनशेत तीन-चार सैल निघाल्या तर घाबरायचं कारण नाही. आधी वेढे पाहा: खुंटीवरचे तीन वेढे एकमेकांना चिकटून असावेत, मध्ये फट नको, आणि तारेचं टोक खुंटीच्या भोकात पूर्ण गेलेलं असावं. फट असेल तर वेढे सरकवून चिकटवले की प्रश्न सुटतो, खुंटी निर्दोष ठरते. खरंच सैल असेल तर ट्यूनर ती एक-दोन मिलिमीटर आत ठोकतो, किंवा काढून तिच्यापेक्षा ०.१ मिलिमीटरने जाड खुंटी घालतो. पातळ सुपरग्लू खुंटीच्या मुळाशी सोडायचा उपायही चालतो, पण अपराइट पाठीवर आडवा करून, नाही तर ग्लू आत न जाता प्लेटवरून ओघळतो. हे वॉरंटी संपलेल्या पियानोचं काम. वॉरंटीत असेल तर आधी दुकानाला लेखी कळवा आणि वहीतल्या नोंदी जोडा. आर्द्रता स्थिर असताना ठरावीक खुंट्याच उतरताहेत हे आकड्यांनी दाखवलं की "तुमच्याकडची हवाच तशी" हे उत्तर चालत नाही. एकाच ओळीतल्या शेजारशेजारच्या आठ-दहा खुंट्या एकदम सैल असतील तर पिनब्लॉकला तडा असण्याची शक्यता धरा. तिथे ग्लू-बिलू काही न करता पियानो बदलून मागा.

खुंट्यांवर तेल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काहीही मारू नका. लाकडात मुरलेलं तेल निघत नाही आणि ती खुंटी कायमची गेली.

खारा वारा

समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर तारांवर दोन वर्षांत तपकिरी ठिपके दिसू लागतात. वरवरच्या गंजाने सूर बिघडत नाही. बिघडतो तो दाबपट्टीखालच्या गंजाने: तार तिथे अडकते, ट्यूनर पाना फिरवतो तरी बोलती तार (तारेचा वाजणारा भाग) हलत नाही, मग एकदम उडी मारते, आणि दुसऱ्या दिवशी अडकलेला ताण सुटून पुन्हा सरकते. अशा तारा आधी किंचित खाली सोडून, टक् असा आवाज होऊन मोकळ्या झाल्यावरच वर न्यायच्या; थेट वर ओढली की तुटते. तुटलेल्या जागी नवी घातलेली तार दोन-तीन महिने तरी उतरतच राहणार, तिच्यासाठी ट्यूनरला चार वेळा यावं लागतं किंवा तेवढी एक तार तुम्ही स्वतः मिळवत राहायची.

तारांना हात लावू नका, बोटांच्या घामातलं मीठ पुरेसं असतं. कोरड्या सुती फडक्याने महिन्यातून एकदा, तेही खुंट्यांच्या बाजूची धूळ तेवढी. आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगलेली असू द्या, कसर फेल्ट खाते. खालची फळी वर्षातून दोनदा उघडून उंदरांनी घर केलंय का बघा, आणि मागचे पाय भिंतीकडून तपासा. वाळवीची मातीची रेघ जमिनीवरून तिथेच आधी चढते.